थोरलीचा वाटा

३ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. कंबर धरली आहे म्हणून कागदावरच घालतो. पत्र लिहायची कारणं दोन. एक म्हणजे फोनवर तू सूचना देतेस आणि मी हो हो म्हणतो, त्यात सांगायचं ते राहूनच जातं. दुसरं म्हणजे तुझ्या भाचीची सक्त ताकीद आहे, की मी रडले नाही हे आत्याला लिहूनच कळव.

तर कळवतो. काल तुमच्या संस्थेच्या रक्त-अभ्यासाची गाडी इथल्या दवाखान्यात आली होती. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांचं रक्त घ्यायला. आमच्या भिंगरीचं जन्मली तेव्हा नाळेतलं घेतलं होतंत, दीड वर्षाची झाल्यावर दंडातलं, आणि आता हे तिसऱ्यांदा. नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला तेव्हा हिने विचारलं, "हे तुम्ही माझ्या आत्याकडे नेणार ना?" त्या म्हणाल्या, "कोण गं तुझी आत्या?" तर म्हणे, "सगळ्यांचं रक्त बर्फात ठेवते ती." अख्खा दवाखाना हसला. सुई टोचताना हिने ओठ असे घट्ट दाबून धरले, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ती रडली नाही. मी थोडा रडलो, पण ते तिला सांगू नकोस.

बक्षीस म्हणून तिला तंबू शिवून दिला. आमच्या कारखान्याच्या लेप खात्यात कापडावर पाणी न धरणारा लेप चढवला, की प्रत्येक थानाचं पहिलं आणि शेवटचं टोक कापून टाकतात, तिथे लेप सारखा बसत नाही म्हणून. मी ती टोकं उचलून आणतो. निळं कापड आहे, वर पाण्याचा थेंब टाकला की गोटीसारखा घरंगळत जातो. पलंगाच्या चार कोपऱ्यांना चार काठ्या बांधल्या आणि वरून हे ओढलं. बाईसाहेब आता आतच झोपतात, आतच चित्रं काढतात, आतच खातात. तिच्या गादीची खोळ त्याच कापडाची, जेवणाच्या टेबलावर तेच, धाकट्या चिरंजीवांच्या, म्हणजे आमच्या बोक्याच्या, पाळण्यातही तेच. आठ महिन्यांचा आहे, पण दूध सांडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. नुसती फुंकर मारायची, की साफ. तुझी वहिनी म्हणते, एक दिवस तुम्ही मलाही याच्यातच शिवून टाकाल.

तुझा,
बाळ्या

२० फेब्रुवारी

बाळ्या,

नमस्कार पोचला. कंबर शेकत जा आणि पिंपं एकट्याने उचलू नकोस. झाली सूचना देऊन, आता पुढचं वाच.

भिंगरीला सांग, तिची नळी माझ्याकडे सुखरूप आली. मीच ती उघडलेल्या पेटीतून उचलून कपाटात ठेवली. माझ्या खोलीत सहा पांढरी कपाटं आहेत, आतून उणे ऐंशी. हातमोजे, कानटोपी घालून मी दिवसभर त्यांच्यात वावरते. कपाटं सारखी घुमत असतात, म्हणून इथले लोक मला म्हणतात की ताई, तुम्ही घरीही ओरडूनच बोलता का.

नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. कुठला नंबर कुठल्या मुलाचा ते लिहिलेली वही मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात कुलूपबंद असते. कोठीवालीने ते माहीत करून घ्यायचं नाही. पण भिंगरी जन्मली त्या दिवशी नाळेतल्या रक्ताच्या नळीवर चिठ्ठी मीच चिकटवली होती, त्यामुळे २४१७ हा नंबर माझ्या डोक्यातून जायचा नाही. हे तुझ्यापुरतं ठेव.

तू फोनवर विचारलं होतंस म्हणून सांगते, कुणाच्या रक्तात काय निघालं ते आम्ही घरी कळवत नाही. कारखान्यांत बनणारी काही रसायनं अशी असतात, की ती मोडतच नाहीत. पाण्यातून, भांड्यांतून, कपड्यांतून थोडी थोडी सगळ्यांच्याच अंगात जातात, माझ्याही आहेत. वाढत्या मुलांच्या अंगात ती किती साठतात आणि त्याने काय होतं, हे हजारो मुलं बघितल्यावर कळेल. एकट्या मुलाच्या आकड्याचा अर्थ अजून कुणालाच नीट लावता येत नाही. मग आईबापांच्या जिवाला घोर कशाला लावायचा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मला ते पटतं.

तंबू छान झाला असणार. उरलेल्या तुकड्यांतून मला एक पिशवी शिव. भाजी आणताना माझी नेहमी गळते.

ताई

११ जून

बाळ्या,

चार महिने झाले, तुला लिहीन लिहीन म्हणत होते.

पिशवी मिळाली. शिवण चांगली आहे. पण आता पुरे, आणखी काही शिवू नकोस. तो तंबू काढून टाक. आत कोंदट होत असेल, मुलीला मोकळी हवा हवी. गादीची खोळ आणि टेबलावरचंही काढ. पाळण्यातलं तर आजच काढ. ती टोकं घरी आणणं बंद कर. कामावरून आलास की कपडे बदलल्याशिवाय मुलांना उचलून घेऊ नकोस. फरशी रोज ओल्या फडक्याने पूस.

आणि एक. भिंगरीचं लसीचं कार्ड घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि गालगुंडाच्या लसीचा आणखी एक डोस देता येईल का विचार. सध्या साथी वाढल्या आहेत असं इथे बोलतात. नक्की जा. गेलास की कळव.

वहिनी कशी आहे? बोक्याला दात आले का?

ताई

२ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून बायको म्हणाली, वन्संना आता एक मांजर आणून द्यायला हवं. रागावू नकोस, प्रेमाने म्हणाली. पण एका पत्रात आठ सूचना म्हणजे तुझाही विक्रमच आहे. मी मोजल्या.

तंबू काढायला गेलो तर भिंगरीने आत शिरून आतून गाठ मारली. म्हणाली, आत्याला हवा लागत असेल तर तिने तिच्या घरची खिडकी उघडावी. शेवटी तंबूला मीच एक खिडकी कापून दिली. आता हवाच हवा.

डॉक्टरकडे मात्र गेलो, हे तुला कबूल करावं लागेल. कामावर दांडी मारून गेलो. त्यांनी कार्ड बघितलं. दोन्ही डोस झालेले, शिक्के आहेत, तारखा आहेत. म्हणाले, हिला तिसरा कशासाठी? मी म्हटलं, माझी बहीण म्हणाली. ती काय करते? म्हटलं, संशोधनात आहे, रक्ताचे नमुने सांभाळते. ते हसले. म्हणाले, त्यांना म्हणावं तुम्ही फ्रीजर सांभाळा, मुलं आम्ही सांभाळतो. मग काही विशेष कारण आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? म्हटलं, नाही, काळजी करते बिचारी. एकटी असते.

बोक्याला चार दात आले. चारही मला चावून झाले आहेत.

बाळ्या

१८ जुलै

बाळ्या,

पत्र मिळालं. डॉक्टर म्हणतात तर ठीकच असेल.

खिडकी कापलीस हे वाचून हसू आलं. बाकी इथे सगळं नेहमीचंच.

ताई

९ नोव्हेंबर

ताई,

तुझी भाची सध्या भोपळा झाली आहे. शाळेत गालगुंडाची साथ आली, तिच्या वर्गातली तिघं घरी बसली आणि चौथी ही. दोन्ही गाल असे फुगले आहेत, की ती हुबेहूब तूच वाटते, तुझ्या शाळेच्या फोटोतली. आरसा बघून खूश आहे. ताप होता, आता उतरतो आहे. डॉक्टर म्हणाले, लस झालेली असली तरी एखाद्याला होतं, पण हलकंच होतं. लिंबूटिंबू आजार आहे, आठवड्यात खेळायला लागेल.

साथीचं तू जूनमध्येच म्हणाली होतीस, हे बायकोने मला दोनदा ऐकवलं. आता तू तिसऱ्यांदा ऐकव म्हणजे झालं.

बाळ्या

३० नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. बरी आहेस ना?

भिंगरीचे गाल उतरले. पण परवा तिच्या आईने फोन तिच्या डाव्या कानाला लावला, मामी बोलत होती पलीकडून. ही म्हणाली, फोन बंद आहे. उजव्या कानाला लावला तर लगेच बोलायला लागली. मी आधी चेष्टा समजलो. मग मी तिच्या डाव्या बाजूला बसून हळू हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. ती चित्र रंगवत होती, रंगवतच राहिली. उजव्या बाजूला गेलो तर म्हणाली, बाबा, तुम्ही कधी आलात?

कानाच्या डॉक्टरांनी तिला एका काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. गालगुंडात हजारांत एखाद्या मुलाला होतं म्हणे. आतली नसच जाते. परत येत नाही.

मी विचारलं, यंत्र लावून? ते म्हणाले, नस जिवंत असती तर लावलं असतं.

ती म्हणते, डावीकडे नुसता भोंगा वाजतो आणि बाकी काही नाही. वर्गात तिला डावीकडच्या बाकावर बसवायला सांगितलं आहे, म्हणजे चांगला कान सगळ्यांकडे राहील. रस्ता ओलांडताना आता मी तिच्या डाव्या बाजूने चालतो. तिला ते आवडत नाही, कारण बोललेलं कळत नाही. तिला वाटतं मी गप्प झालो आहे.

ताई, तुला फोन केला होता. उचलला नाहीस.

बाळ्या

८ डिसेंबर

बाळ्या,

फोन उचलला नाही कारण तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. कागदावर सांगते. पूर्ण वाच, मग काय करायचं ते कर.

मे महिन्यात पाच वर्षांच्या मुलांचे निकाल तपासणीहून आले. ते नंबरवार लावून ठेवायचं काम माझंच. चारेकशे ओळींचा कागद होता. मी २४१७ शोधला नाही, पण नजर गेलीच. दोन रकाने होते. एक तुमच्या लेपात असतात तसल्या रसायनांचा. त्यात भिंगरी सगळ्या मुलांत वरून तिसरी. दुसरा रकाना लसीचा, म्हणजे टोचल्यावर रक्तात जे संरक्षण तयार व्हायला हवं त्याचा. घटसर्पाचं होतं, धनुर्वाताचं जेमतेम, गालगुंडाचं जवळजवळ नाहीच. शिक्के होते, तारखा होत्या, आणि रक्तात काही नव्हतं.

मी तो कागद घेऊन उभी राहिले. मग फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना आडून विचारलं, एखाद्या मुलाचं असं निघालं तर सांगायचं का. त्या म्हणाल्या, एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागेल, अर्धे अभ्यास सोडून जातील, आणि सांगून आईबाप करणार काय? करण्यासारखं होतं, बाळ्या. आणखी एक इंजेक्शन द्यायचं होतं. पाच मिनिटांचं काम. तेवढं त्यांना सुचलं नाही आणि मला सुचलं असून मी बोलले नाही. नोकरीचा विचार मनात आला होता, तोही लपवत नाही. वीस वर्षं या कपाटांशिवाय मी काही केलेलं नाही.

म्हणून ते जूनचं पत्र लिहिलं. कोंदट हवा, साथी, काय काय सबबी लिहिल्या. तुझ्या डॉक्टरांनी विचारलं, काही कारण आहे का. कारण होतं, ते माझ्याकडे होतं. ते लिहिलं असतं तर तू त्यांच्या दारात ठाण मांडून बसला असतास, मला माहीत आहे. आणि तू हसून परतलास तेव्हा मी पुन्हा लिहायला हवं होतं. "डॉक्टर म्हणतात तर ठीकच असेल" एवढं लिहून मोकळी झाले. ते वाक्य लिहिताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्याची शिसारी येते.

आणखी एका डोसाने संरक्षण आलंच असतं असं नाही. रसायनांमुळेच ते कमी झालं, हेही या एका पोरीबद्दल कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. हजार मुलांबद्दल सांगतील. हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही, तुला खरं ते सगळं माहीत असावं म्हणून लिहिते.

मी तिची आत्या आहे आणि मला माहीत होतं.

ताई

२१ मार्च

ताई,

साडेतीन महिने लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, पण पाठवण्यासारखं नव्हतं. त्यात ज्या शिव्या होत्या त्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. तुझे फोन वाजू दिले. बायको म्हणायची, उचला, रक्ताची बहीण आहे. मी म्हणायचो, रक्ताचं नाव काढू नकोस.

राग गेलेला नाही. पण रागावून रागावून माणूस दमतो आणि मग स्वतःकडे बघायची वेळ येते. तर माझंही ऐक.

आमच्या खात्यात दाराशी एक पाटी आहे. कामाचे कपडे कारखान्यातच बदला, कापडाचे तुकडे बाहेर नेऊ नका, ते झाकणाच्या पिंपात टाका. मुकादमाने ती सगळ्यांना वाचून दाखवली होती, खाली आमच्या सह्या घेतल्या होत्या. भिंगरी तेव्हा दोनेक वर्षांची होती. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, मालकाचा चिंध्यांवरही जीव आहे. चोरी होऊ नये म्हणून पाटी. मग काय, सगळे जण ईर्ष्येने नेऊ लागलो. मी डब्याच्या पिशवीत तळाशी घडी घालून न्यायचो, वर डबा. फाटकावरच्या पहारेकऱ्याला हसून रामराम करायचो. घरी आल्यावर मोठा पराक्रम केल्यासारखा तो निळा तुकडा बायकोसमोर फडकवायचो. अंगावरच्या धुळीसकट पोरीला खांद्यावर घ्यायचो.

तेव्हा तुला एकटीला फासावर देऊन माझं भागणार नाही. तुला पाळायचा नव्हता तो नियम तू पाळलास. मला पाळायचा होता तो मी मोडला, आणि वर स्वतःला शहाणा समजलो.

तंबू काढला. कानासाठी ती रडली नव्हती, पण तंबूसाठी दोन दिवस रडली. सगळं कापड गोळा केलं, केवढा ढीग झाला. आता ते टाकू कुठे? जाळू नका म्हणतात, पुरूही नका म्हणतात, ते मातीत कुजतच नाही. कारखान्यात परत न्यायचं तर चोर म्हणून पकडतील. गच्चीवर दोन पोत्यांत बांधून ठेवलं आहे. मी दुसऱ्या खात्यात बदली मागितली, मिळाली. आता पेट्या भरतो.

भिंगरीला जानेवारीतच धनुर्वाताच्या लसीचा आणखी एक डोस दिला. डॉक्टर या वेळी हसले नाहीत.

आता एक विचारतो. बोक्याच्याही नाळेतलं रक्त तुमच्याकडे आहे. त्याचाही आकडा असेल. तो मला हवा आहे. सबबी नकोत, सूचना नकोत, जे आहे ते लिही.

बाळ्या

४ एप्रिल

बाळ्या,

जे आहे ते लिहिते.

डिसेंबरातच मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं होतं, मी नंबर ओळखला आणि भाचीचा कान गेला.  त्यांनी कपाटांच्या किल्ल्या मागून घेतल्या. मी दिल्या. त्यानंतर त्यांच्या बैठका झाल्या. आता ठरलं आहे, की जे आईबाप विचारतील त्यांना सांगायचं, आणि लसीचं संरक्षण कमी निघालेल्या मुलांच्या घरी विचारलं नाही तरी कळवायचं. अशी एकतीस मुलं निघाली. ती पत्रं लिहायला मला बसवलं आहे. रोज दोन-तीन लिहिते. कारण पहिल्याच ओळीत लिहिते.

बोक्याचा नाळेतल्या रक्तातला आकडा भिंगरीच्या तेव्हाच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाएवढा आहे. नुकतंच त्याचं दीड वर्षाचं रक्तही आलं. त्यातही त्याचं बरंच कमी. लसीचं संरक्षण चांगलं आहे. त्याची काळजी करू नकोस.

एकाच घरात, एकाच आईच्या पोटी असं का, हे तू विचारशीलच. वहिनी लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं तुमच्याच कारखान्यात घडी खात्यात होती. ते सगळं तिच्या अंगात साठलं. अंगातून ते सहजासहजी जात नाही, निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात. पण बाई गरोदर राहिली की नाळेतून जातं आणि अंगावर पाजलं की दुधातून जातं. पहिल्या मुलाला सगळ्यात जास्त मिळतं. दुसरं येईपर्यंत आईचं अंग बरंच रिकामं झालेलं असतं. भिंगरीला अडीच वर्षं पाजलं, ते पाज म्हणून मागे लागणारी मीच. तंबूचा वाटा किती, दुधाचा किती, पाण्याचा किती, हे कोणी वेगळं करून सांगू शकत नाही. तेव्हा तू तंबू एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस.

डॉक्टरीणबाईंना मी स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, तरीही आईच्या दुधाचा फायदाच जास्त, बोक्याचं मुळीच तोडू नका. मीही तेच म्हणेन.

हे वहिनीला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याकडून लपवणं आता पुरे झालं, पण ती तुझी बायको आहे.

ताई

२ मे

वन्संना नमस्कार,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, यांच्याच पत्रात दोन ओळी घुसडत आले. आज माझं मीच लिहिते.

यांनी मला सांगितलं नाही. तुमचं पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकला. कपडे आता वेगळे भिजवते ना, तेव्हा खिसे तपासते. लपवणं यांना कधी जमलंच नाही. मी ते तिथेच, मोरीत उभ्याउभ्या वाचलं. मग यांना हाक मारली आणि सगळं पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं, कारण दुधाचं जे लिहिलं आहे ते मला एका वाचण्यात खरं वाटेना.

तुमच्यावर माझा राग होता, तो अजून आहे, पण तुम्ही पाज म्हणालात त्याबद्दल नाही. तुम्ही म्हणाला नसतात तरी मी पाजलंच असतं. तिला भूक लागायची आणि मला पान्हा फुटायचा, यात तुमचं काय आणि माझं तरी काय. तिच्या आजारपणात ती दुसरं काही घ्यायची नाही, नुसती अंगावर प्यायची, आणि मी देवाचे आभार मानायची की निदान एवढं तरी पोटात जातंय. आता ते दिवस आठवले की हात कुठे ठेवावेत कळत नाही. सहा वर्षं मी तिथे घड्या घातल्या. कापड हाताला किती गुळगुळीत लागायचं, आम्ही मुली गालाला लावून बघायचो.

आम्ही बोलत होतो तेव्हा भिंगरी दारात होती. तिची उजवी बाजू आमच्याकडे होती, हे लक्षात यायला उशीर झाला. तिने सगळं ऐकलं.  दोन दिवसांनी शाळेतून बाईंचा निरोप आला, की तुमची मुलगी वर्गात काहीतरी विचित्र सांगते. काय, तर म्हणे, आमच्या आईच्या पोटात वाईट औषध होतं, मी पहिली होते म्हणून मी सगळं पिऊन टाकलं, माझ्या भावाला ठेवलंच नाही. आणि हे ती अगदी ऐटीत सांगत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी तिला समजवायला घेतलं. म्हटलं, असं नसतं गं, तू मुद्दाम थोडंच केलंस, तू तर एवढीशी होतीस. ती ऐकेना. तंबू गेल्यापासून तिच्याजवळ असं स्वतःचं काही नव्हतं, हे एक आता मिळालं आहे. मग मी विचार केला, कशाला काढून घेऊ? हे म्हणाले, राहू दे. पण राहू द्यायचं म्हणजे रोज ऐकायचं.

काल दुपारी मी बोक्याला घेऊन बसले होते. दोन वर्षांचा होत आला तरी दुपारचं एक वेळ त्याला लागतंच, आणि तुम्हीही तोडू नका लिहिलंत. ही समोर येऊन उभी राहिली. नीट ऐकू यावं म्हणून डोकं जरा वाकडं करून, तशी ती आता सारखीच उभी राहते. बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, अजून थोडं असेल ना त्यात?"

मी म्हटलं, "अगदी थोडं. त्याला काही होत नाही."

ती म्हणाली, "मग ते पण मलाच दे. माझा तर कान गेलाच आहे."

वन्सं, मी बोक्याला खाली ठेवलं, तो रडायला लागला. तिला जवळ घेतलं. ती आता सहा वर्षांची आहे, पाय लांब झालेत, मांडीत मावत नाही.

तुमची,
वहिनी